वरच्या कप्प्यातली लस

पोलिओच्या रविवारी बूथ माईंच्याच इमारतीच्या जिन्याखाली लागलं होतं. दुपारी नर्सबाई वर आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, थोडा बर्फ असेल तर द्या ना. आमच्या डब्यातला संपत आलाय."

माईंनी फ्रिज उघडला, वरच्या कप्प्यातला ट्रे काढला आणि नळाखाली धरून खडे मोकळे करायला लागल्या. नर्सबाई बोलकी होती. "या पोलिओच्या लसीचं बरं असतं बघा, कितीही बर्फात राहू दे. बाकीच्या नाजूक हो. काविळीची म्हणा, धनुर्वाताची म्हणा, चुकून वरच्या कप्प्यात गेली की संपलीच. एकदा गोठली की मग नुसतं पाणी टोचल्यासारखं."

माईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. नळ वाहत होता. शेवटी वृंदाने पुढे होऊन नळ बंद केला आणि बर्फ नर्सबाईच्या डब्यात ओतला. तिला वाटलं, काविळीचं नाव निघालं म्हणून सासूबाई थबकल्या असतील. त्या घरात ते नाव निघालं की सगळेच थबकत. गुरुदत्तला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

गुरुदत्त माईंचा एकुलता एक मुलगा, वृंदाचा नवरा. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. धट्टाकट्टा माणूस, आजारपणाची रजा त्याने कधी काढलेली कुणाला आठवत नव्हती. जुलैमध्ये एका सकाळी त्याला जेवण नकोसं झालं आणि दोन दिवसांत डोळे पिवळे दिसायला लागले. वृंदा उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. बी.एस्सी. झाल्यावर तिने लॅबचा डिप्लोमा केला होता. नवऱ्याचं रक्त तिनेच काढलं आणि तपासायलाही तिनेच घेतलं. पावसाळ्यात पाण्यातून होणारी कावीळ त्या भागात घरोघर असते, तीच असणार असं ती धरून चालली होती. निघाली ती 'बी', रक्तातून लागणारी. तिने तपासणी पुन्हा केली. किट बदलून आणखी एकदा केली. कारण 'बी'ची लस गुरुदत्तने घेतलेली होती, तिन्ही डोस, तिच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतरचं फार भराभर झालं. तो असंबद्ध बोलायला लागला, माईंना ओळखेना, आणि मुंबईच्या इस्पितळात एका दुपारी गेला. रोग कुठून लागला ते कधीच कळलं नाही. कुठल्या वस्तऱ्यातून, कुठल्या सुईतून, कधी? विचारणार तरी कुणाला!

लसीची कल्पना वृंदाचीच होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती लस तेव्हा महाग होती, पण मोठी बाटली घेऊन सगळ्यांनी वाटून घेतली तर परवडायची. इमारतीतल्या बायकांची भिशी होतीच. माई म्हणाल्या, "भांड्यांची भिशी होते, साड्यांची होते, मग लसीची का होऊ नये?" आणि खरंच तशी झाली. बाटली उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून गुरुवारी संध्याकाळी यायची. "साईं, थर्मास लेके आना, बर्फ मैं डाल दूंगा," असं तो वृंदाला दर वेळी बजावायचा. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी म्हणून पुरुष घरी असत, तेव्हा टोचणं शुक्रवारी दुपारी. विठा सिस्टर म्हणून जवळच राहणाऱ्या एक नर्स होत्या, त्या यायच्या. माईंच्या बैठकीच्या खोलीत रांग लागायची. मोठ्यांना पूर्ण डोस, पोरांना अर्धा. प्रत्येकाच्या दंडात सुई गेली की गुरुदत्त ओरडायचा, "लागली रे, भिशी लागली!" पोरं रडता रडता हसायची. पहिला डोस, मग महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. दर वेळी नवी बाटली, पण सगळ्यांना त्याच एका बाटलीतून, एकाच हाताने.

पोलिओच्या रविवारनंतर माईंचं जेवण सुटत चाललं. आधी वृंदाला ते दुःखच वाटलं. दुःखाला भरती-ओहोटी असते. मग तिच्या लक्षात आलं की माई फ्रिजला हात लावत नाहीत. दूध बाहेर नासत होतं, कोथिंबीर ओट्यावर सुकत होती. उमाला, तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, खोकला झाला होता. डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली एका संध्याकाळी वृंदा फ्रिजमध्ये ठेवायला गेली, तर माई मागून ओरडल्याच.

"वर ठेवू नकोस!"

"वर कुठं ठेवतेय माई? दारात ठेवतेय."

माई स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसल्या. भिंतीला टेकल्याही नाहीत.

"मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तुमची ती लस. वर, बर्फात. तिन्ही वेळा."

वृंदाला आधी काही कळलंच नाही.

"शुक्रवारी सकाळी लाइट जायची ना. तू दुपारपर्यंत कामावर. मला वाटलं, एवढ्या जणांची लस, खराब झाली तर लोक काय म्हणतील? वर बर्फ तर असतोच. म्हणून मी ती तिथे सरकवायची. दुपारी विठाबाई आल्या की काढून त्यांच्या हातात द्यायची."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलण्यासारखं काय होतं गं? दूध तापवलं, हे सांगते का मी तुला?" माईंचा आवाज एवढा लहान झाला होता की वृंदा त्यांच्यासमोर खाली बसली. "ती नर्स म्हणाली, नुसतं पाणी. मी माझ्या मुलाला पाणी टोचलं, वृंदा."

नाही हो माई, असं काही नसतं, असं वृंदा म्हणू शकली असती. दुसरी कुणी सून असती तर तेच म्हणाली असती. पण तसं नसतं हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "बघू आपण."

माईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या दोन शब्दांनी आपण काय केलं ते वृंदाला त्या नजरेतून समजलं, पण शब्द निघून गेले होते.

पुढच्या शुक्रवारी तिने रजा टाकली. लसीएवढंच खारट पाणी काचेच्या छोट्या बाटलीत भरलं आणि सकाळी लाइट गेल्यावर वरच्या कप्प्यात ठेवलं. हिशोब साधा होता. लस गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं. लाइट गेलेली, म्हणजे बर्फ वितळू लागलेला. आणि वितळत्या बर्फाशेजारची वस्तू शून्याच्या खाली जात नाही. पण कप्प्याच्या पत्र्याचा गारवा पहिला तासभर तरी टिकत असणार. तिने दुपारी बाटली काढली. पाणी पाणीच होतं. त्यापुढच्या शुक्रवारी पुन्हा ठेवून पाहिली, तर तळाशी बर्फाचा चुरा जमला होता. माई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय झालं?"

"एकदा गोठलं, एकदा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यावरून काही सांगता येत नाही."

माई आत निघून गेल्या.

सुनेत्रा मॅडम, वृंदाच्या लॅबच्या मालकीण, पन्नाशीच्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप बाजूला सारला आणि विचारलं, "बाटली काय एकट्या गुरुदत्तने घेतली होती?"

"नाही मॅडम, इमारतीतल्या सगळ्यांनी."

"मग फ्रिजला काय विचारतेस? लस चांगली होती की गेलेली, ते त्या माणसांच्या रक्तात लिहिलेलं असेल. एकाही माणसात अँटिबॉडी नसली तर लस पाणी झाली होती. बहुतेकांत असली, तर सासूबाईंची चूक नाही. नमुने आण. दादरच्या लॅबकडून मी मोजून घेते."

इतकं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही, याचं वृंदाला नवल वाटलं. मग वाटलं, आपणच सुचू दिलं नसेल.

रक्त मागायला ती घरोघर गेली. तळमजल्यावर हिरामण राहायचा. मूळचा खरवई गावातला, स्टेशनला रिक्षा चालवायचा. "काय वहिनी, परत भिशी?" तो म्हणाला आणि जीभ चावली. गुरुदत्तचा तो शब्द होता. हिरामणने शर्टाची बाही वर केली. त्याची आई कौसाबाई मात्र कुरकुरली. "मना काय धाड भरली? माजं रगत घेऊन काय करशील गो?"

"लस तुमच्या अंगात अजून आहे का बघायचंय, मावशी."

"ती कुटं जाईल? सुई टोचली तवा चार दिस हात वर होत नव्हता माजा." पण बोलता बोलता तिने हात पुढे केला.

पहिल्या मजल्यावरचे शशिकांत सामंत रोज पहाटे सूर्यनमस्कार घालत आणि इमारतीभर प्रत्येकाला प्रकृतीवर उपदेश करत. त्यांनी हात देताना सांगितलं, "माझं बघा, सगळ्यात कडक निघेल." त्यांच्या शेजारची बनूबाई दारातच आडवी उभी राहिली.

"गुरुभाऊंना जे झालं ते आम्हालाही होणार का, तेच बघताय ना वहिनी?"

"नाही हो, लस..."

"तेच ते. मला नाही बघायचं. असलं तर असू दे." तिने दार लावलं. वृंदाला राग आला नाही. बनूबाईचं तिला पटलं होतं.

सगळ्यांत शेवटी घरचे. उमा मुळीच रडली नाही, फक्त "बाबा असते तर ओरडले असते" असं म्हणाली. माईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांची शीर सापडेना. दोन महिन्यांत हात किती वाळला होता! दुसऱ्यांदा सुई लावताना वृंदाने "सॉरी हां माई" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "टोच गं. मला दुखत नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नमुने यंत्रात फिरवून पिवळसर सीरम वेगळं करताना वृंदाला एक गोष्ट स्वच्छ दिसली आणि तिचे हात थांबले. या नळ्यांमध्ये काही निघू नये, असं तिला वाटत होतं. सगळ्या कोऱ्या निघाव्यात. मग एक फ्रिज, एक बाई, एक चूक. बोट दाखवायला जागा मिळाली असती. आपण माईंना मोकळं करायला निघालो आहोत असं ती सगळ्यांना सांगत होती, स्वतःलाही सांगत होती. आणि मनाच्या तळाशी हे होतं. तिने नळ्यांवर नावं घातली आणि झाकणं घट्ट केली. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते.

निकाल आठवड्याने आले. सुनेत्रा मॅडमनी कागद तिच्यापुढे सरकवला. जवळजवळ सगळ्यांत अँटिबॉडी होती. पण कशी! एकाच बाटलीतली तीच लस, त्याच दुपारी, त्याच हाताने दिलेली; आणि आकडे असे विखुरलेले की कुणाचा कुणाला मेळ नाही. सगळ्यात जास्त कौसाबाईत, आयुष्यभर मिशेरी लावणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाईत. हिरामणमध्ये भरपूर, वृंदामध्ये चांगली. सूर्यनमस्कारवाल्या सामंतांत कशीबशी काठावर. माईंच्यात वयाच्या मानाने ठीक.

"सासूबाईंना सांग," मॅडम म्हणाल्या. "लस गोठलेली असती तर इतक्या जणांत हे दिसलं नसतं. त्या सुटल्या."

मग त्यांनी कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. उमाच्या नावापुढे शून्य होतं.

"दोन वर्षं झाली आहेत," वृंदा पटकन म्हणाली. "उतरली असेल."

"असेल. मुलांमध्ये सहसा इतकी उतरत नाही, पण असेल. तिला एक जादा डोस दे. शरीराला ओळख असली तर महिन्याभरात आकडा उसळून वर येईल. नसली, तर येणार नाही."

त्या संध्याकाळी वृंदाने माईंना फक्त पहिला भाग सांगितला. नावं वाचून दाखवली, प्रत्येकापुढचा आकडा सांगितला. उमाचं नाव गाळलं. माई लक्ष देऊन ऐकत होत्या. कौसाबाईचा आकडा त्यांनी दोनदा विचारला.

"म्हणजे माझ्याने नाही झालं."

"नाही माई. लस चांगली होती."

वृंदाला वाटलं होतं, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर, समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बघत राहिल्या.

"मग गुरूलाच का?" त्या म्हणाल्या. "त्याच रांगेत होता ना तो? मी त्याला काय कमी खायला घातलं? कौसाबाईच्या घरात धड दूध नसायचं. माझ्या घरात कशाची ददात होती?"

आजवर माईंकडे निदान एक उत्तर होतं, वाईट का होईना. ते आज तिने काढून घेतलं होतं.

पुढच्या शुक्रवारी विठा सिस्टरांना बोलावून तिने उमाला डोस द्यायला लावला. माईंनी विचारलं तेव्हा "उमाची थोडी कमी दिसतेय, म्हणून" एवढंच सांगितलं. मग तो महिना सुरू झाला. वृंदा उमाला झोपेत बघायची. तिची रुंद कपाळपट्टी गुरुदत्तची. भात कालवताना करंगळी बाहेर काढायची सवय गुरुदत्तची. आधी या गोष्टी पाहून वृंदाला बरं वाटायचं, काही तरी राहिलं आहे असं वाटायचं. आता ती एकेक साम्य बघून दचकत होती.

महिन्याने पुन्हा रक्त गेलं. पुन्हा शून्य आलं.

सुनेत्रा मॅडमनी लॅबचं दार लोटून घेतलं आणि तिला समोर बसवलं. वृंदा सायन्सची, म्हणून त्या तिला कधी सोपं करून सांगत नसत. त्या दिवशी मात्र सोप्या शब्दांत बोलल्या.

"अगदी निरोगी माणसं शंभर घेतलीस, तर त्यातल्या चार-पाच जणांच्या शरीराला ही लस दिसतच नाही. वय, वजन, सिगरेट, यांनी फरक पडतो. पण तरण्याताठ्या माणसातही होतं. आपल्या पेशींवर काही रेणू असतात. चिमटे समज. बाहेरून आलेल्या वस्तूचा तुकडा त्या चिमट्यात धरून पेशी तो रक्षक पेशींना दाखवते: हा बघ, हा परका. पण प्रत्येकाचे चिमटे वेगळ्या घडणीचे. एखाद्याच्या चिमट्यात नेमका या लसीचा तुकडा बसत नाही. बाकी हजार गोष्टी बसतात. ही बसत नाही."

"आणि ते आई-वडिलांकडून येतात."

"अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून. एका बाजूचे नीट असले तर बहुधा काम भागतं. दोन्हीकडून न बसणारेच आले, तर असं होतं. काही अभ्यास असं सांगतात. सगळं अजून कुणाला कळलेलं नाही, वृंदा."

"म्हणजे उमाचे अर्धे माझ्याकडून."

मॅडमनी मान डोलावली.

"पण लस लागली नाही म्हणून काही माणूस मरत नाही," वृंदा म्हणाली. ती वाद घालत होती, कुणाशी ते तिलाही माहीत नव्हतं. "बहुतेक मोठी माणसं 'बी'तून आपोआप बरी होतात. पुस्तकात आहे."

"होतात. विषाणू स्वतः यकृताचं फारसं बिघडवत नाही. त्याला मारायला निघालेलं आपलंच सैन्य यकृत जाळतं. बहुतेकांचं थोडं जळतं आणि थांबतं. गुरुदत्तचं थांबलं नाही." मॅडमनी चष्मा काढला. "लसीसाठी जे शरीर उठलं नाही, तेच रोगासाठी इतकं पेटून उठलं. असं का, ते मला सांगता येत नाही."

"सगळ्यांचे चिमटे सारखे का नाहीत?"

"सारखे असते तर एखाद्याच साथीने अख्खं गाव गेलं असतं. वेगवेगळे आहेत म्हणून कुणी ना कुणी उरतं."

हे ती कॉलेजात शिकली होती. परीक्षेत लिहिलं होतं, त्याला चांगले गुण मिळाले होते. त्या वेळी 'उरतं' हा शब्द तिला फार सुंदर वाटला होता. जे उरत नाहीत त्यांच्याबद्दल त्या धड्यात काही नव्हतं, हे तिच्या आज लक्षात आलं.

घरी आली तेव्हा माई अंगणवजा गच्चीत उमाची वेणी घालत होत्या. उमा सुटून खाली खेळायला पळाली. माईंनी कंगव्यातले केस काढून बोटाभोवती गुंडाळले आणि वर न बघता विचारलं, "उमेचं काय आलं?"

वृंदा दारातच उभी राहिली.

"मला वेडी समजू नकोस. त्या दिवशी सगळ्यांची नावं वाचलीस, तिचं नाही वाचलंस. मग तिला परत सुई दिलीस. महिनाभर तू तिच्याकडे कशी बघतेस ते मी बघतेय. मी गुरूकडे तशीच बघत होते, इस्पितळात."

वृंदाने सांगितलं. चिमट्यांचं सांगितलं, अर्ध्या-अर्ध्याचं सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं.

"म्हणजे माझ्याकडनंच गेलं त्याला."

"अर्धं तुमच्याकडनं. अर्धं बाबांकडनं." गुरुदत्तचे वडील विष्णुपंत, जाऊन दहा वर्षं झाली होती. "तुम्हाला कसं माहीत असणार? कुणालाच माहीत नसतं. आणि उमाचं अर्धं माझ्याकडनं आहे, माई. माझा आकडा चांगला आला, तरी ते माझ्यात आहे. मी तिला दिलंय."

माईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गेल्या सात-आठ महिन्यांत त्या दोघींनी एकमेकींना किती सांभाळलं होतं, आणि किती टाळलं होतं. वृंदा आपल्याला दोषी धरते आहे असं माईंना वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. आता धरायला काही उरलं नव्हतं.

"बर्फाचं असतं तर बरं झालं असतं गं," माई म्हणाल्या. "ती माझी चूक होती. माझ्याबरोबर संपली असती."

खाली पोरांचा लंगडीचा आरडाओरडा चालला होता. त्यात उमाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. कुणी तरी खोटं खेळलं असा तिचा दावा होता.

"ये, बस," माई म्हणाल्या. "तिला काय काय जपायचं ते मला सांग."

वृंदा त्यांच्याशेजारी बसली. दुसऱ्याचं ब्लेड वापरू द्यायचं नाही. सुई दर वेळी नवी, आपल्यासमोर फोडलेली. दात काढायचा झाला तर डॉक्टरला आधी सांगायचं. रक्त चढवायची वेळ आली तर तपासलेलंच. कुठे लागण झाल्याची शंका आली तर एक इंजेक्शन मिळतं, ते लगेच द्यायला हवं, थांबायचं नाही. ती सांगत होती आणि माई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, जशा त्या नवीन पदार्थाची कृती ऐकताना हलवत. तसं पाहिलं तर फार काही नव्हतं. जगभर लाखो माणसं अशीच हिंडतात, त्यांना माहीतही नसतं, आणि त्यातल्या बहुतेकांना कधी काही होणार नाही. हेही वृंदाने सांगितलं, कारण तेही खरं होतं.

माईंनी विचारलं, "आणि बाळंतपणात?"

"काय?"

"बाळंतपणात सुया टोचतात, टाके घालतात, कधी रक्त चढवतात. तेव्हा कोण सांगणार डॉक्टरला? मी तोवर नसेन. तू जवळ असशील का, कुणास ठाऊक. सासरी कुठे दिली असेल, कुठल्या गावात..."

खाली उमा एका पायावर उड्या मारत होती. ती सहा वर्षांची होती. तिचा पुढचा एक दात पडला होता आणि नवा अजून आला नव्हता.

"आपण तिलाच सांगू," वृंदा म्हणाली. "मोठी झाली की."

"किती मोठी झाली की?"

वृंदाने उत्तर शोधलं. वडील कशाने गेले ते मुलीला सांगायचं, आणि त्याच वाक्यात तेच तुझ्यातही आहे हे सांगायचं. त्याला योग्य असं एकही वय तिला सापडेना. वृंदाने माईंचा हात हातात घेतला. कोपराच्या आतल्या बाजूला, तिने दोनदा सुई टोचली होती तिथे, हात अजून वाळलेलाच होता. खालून उमाने वर बघून ओरडून विचारलं, "आई, मी अजून खेळू?"

"खेळ," दोघी एकदम म्हणाल्या.